शाईचा गार गाल

बसस्टॉपवर उभे असताना एखाद्या अनोळखी माणसाने तुमच्या तोंडाकडे बोट दाखवून तुम्हाला कधी औषध सांगितलंय? नाव विचारलं नाही, काय करता विचारलं नाही, थेट औषध?

नसेल सांगितलं, तर या बाईचं निम्मं आयुष्य तुम्हाला ठाऊक नाही. तिला बेचाळीस वर्षांत कच्च्या बटाट्याची चकती, टूथपेस्ट, कोरफडीचा गर, अंड्यातला पांढरा भाग आणि सकाळची पहिली लाळ, एवढं सगळं फुकट सांगून झालेलं आहे. सांगणारा प्रत्येक जण आपणच पहिले, अशा थाटात सांगतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "तुमच्या टकलावर लावून बघितलंत का आधी?" समोरच्याला टक्कल नसलं तरी म्हणते. त्याचा हात आपोआप डोक्याकडे जातो. तेवढ्यात बस येते.

तिच्या उजव्या गालावर जन्मखूण आहे. डोळ्याच्या खालून सुरू होते, नाकाच्या कडेने उतरते आणि वरच्या ओठाचा निम्मा भाग घेऊन थांबते. जन्मली तेव्हा गुलाबी होती. वयाबरोबर लाल झाली, मग जांभळी, आणि चाळिशीच्या आसपास ओठावरचा भाग जाड होऊन त्यावर मिरीएवढे दाणे आले. शाळेत एका पोराने तिला 'शाई' हे नाव ठेवलं, दौत सांडल्यासारखं दिसतं म्हणून. त्याला वाटलं, ती रडेल. तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि नाव ठेवून घेतलं. आज कामावरच्या हजेरीतसुद्धा तेच आहे.

शाई फळांच्या शीतगृहात ग्रेडिंगला आहे. सगळे त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणतात. लांबलचक पत्र्याची इमारत, पाच थंड खोल्या, प्रत्येकीला हातभर जाडीचं दार आणि दारामागे प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. आत दोन अंश. छताला टांगलेले पंखे दिवसरात्र घरघरतात. अंगात गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट, हातात एकावर एक दोन मोजे. आतून क्रेट बाहेर ओढायचे, शेजारच्या तेवढ्याच गार हॉलमध्ये रबरी पट्ट्यावर सफरचंदं सोडायची आणि पट्टा सरकताना हाताने वेगळी करायची: एक नंबर, दोन नंबर आणि रसाची. डाग दिसला की रसाला. डागी फळं काढायला डागी बाई, हा विनोद तिने पहिल्याच दिवशी स्वतः करून टाकला. दुसऱ्या कुणी करायच्या आत करायचा, एवढाच त्यामागचा हिशोब.

सोळा वर्षं झाली. ती तिथे पगारासाठी आहे असं सगळे समजत होते. पगार हवाच होता. पण खरं कारण दुसरं होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

अकराव्या वर्षी तिची दाढ दुखत होती म्हणून आईने गालाला बर्फ लावला होता. बर्फ काढला आणि तिने आरशात पाहिलं, तर डाग उतरलेला. गेलेला नाही, उतरलेला. भिंतीवरचा जुना रंग ओल्या फडक्याने पुसल्यावर राहतो, तसा. दहा-पंधरा मिनिटांत तो परत आला. पण त्या पंधरा मिनिटांत ती आरशासमोरून हलली नव्हती.

तेव्हापासून बर्फ. शाळेच्या फोटोला बर्फ, लग्नाच्या फोटोला बर्फ. त्या फोटोत नवऱ्याचे डोळे मिटलेले आहेत आणि हिचा गाल जवळजवळ स्वच्छ आहे. नवरा बस डेपोत टायर बदलतो. तो फोटो दाखवून सांगतो, "बघा, मी डोळे मिटूनच होकार दिला." त्याला बर्फाचं माहीत नाही. त्याला वाटतं, फोटोवाल्याने हात मारलाय.

आणि मग कोल्ड. दोन अंशांत सगळ्यांचीच नाकं लाल, ओठ निळे, गाल चित्रविचित्र. तिथे तिचा गाल सगळ्यांत फिका. आठ तास ती जवळजवळ बिनडागाची असायची. या एका गोष्टीसाठी माणूस सोळा वर्षं सांधे आखडून घेतं का? घेतं. तिने घेतले.

एके दिवशी हॉलमध्ये तपासनीस आला होता. माल उचलणाऱ्या कंपनीचा माणूस, पांढरा कोट, डोक्यावर कागदी टोपी. शाईच्या शेजारी मावशी उभी होती. मावशी सगळ्यात जुनी, साठीला टेकलेली, सगळ्यांचीच मावशी. ती तपासनिसाच्या टोपीकडे बघून पुटपुटली, "केकच्या खालचा कागद डोक्यावर ठेवून आलाय गं." शाईला हसू फुटलं. ओठ ताणला, त्यावरचा एक दाणा फुटला आणि रक्ताचा थेंब पट्ट्यावरच्या सफरचंदावर पडला.

पट्टा थांबला. पट्टा दोनच कारणांनी थांबायचा, वीज गेली की किंवा कुणाचा हात अडकला की. रक्त दाबून धरलं तरी वीस मिनिटं वाहत होतं. त्या पट्ट्यावरचा सगळा माल फेकला.

मुकादमाने तिला बाहेर बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण वरच्यांना घाबरून होता. "नवा हंगाम सुरू होईपर्यंत हे बंद करून ये," तो म्हणाला. "दहा महिने आहेत. तोवर तू आत क्रेट ओढ, पट्ट्यावर नको."

"चिकटपट्टी लावते की."

"पट्टी फळात गेली तर आणखी बोंब. हंगामाच्या पहिल्या दिवशी तो परत येणार आहे. त्याने तुझं वर्णन लिहून घेतलंय."

"माझं वर्णन लिहायला काय लागतं? एक शब्द पुरतो."

"हसण्यावारी नेऊ नकोस. क्रेट ओढायला हंगामात बाहेरची तरणी पोरं येतात. पट्ट्यावर नाहीस, तर तुला ठेवू कुठे?"

म्हणजे नोकरी जाणार. आणि नोकरीबरोबर ते दोन अंशही जाणार. शाईने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मोठ्या दवाखान्यात गेली.

कातडीचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकीवरच्या शिपायाने केसपेपर भरला. वय, पत्ता, काम. "काम?" त्याने मान वर न करता विचारलं. "कोल्डमध्ये," ती म्हणाली. त्याने 'नोकरी' लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

डॉक्टर पोरसवदा होता, चष्म्याआडून काळजीने बघणारा. त्याने दिव्याखाली गाल पाहिला, बोटाने दाबून पाहिला. मग लेझरबद्दल सांगायला लागला. रंग किती कमी होईल, किती वेळा यावं लागेल, पूर्ण जाईल असं सांगता येणार नाही.

"रंग राहू द्या," शाई म्हणाली. "बेचाळीस वर्षं आहे, भाडं मागत नाही. रक्त थांबवा."

"दोन्हीचं मूळ एकच आहे. या जागी कातडीतल्या बारीक रक्तनळ्या जन्मापासून जास्त रुंद आहेत. वयाबरोबर फुगत जातात. रंग त्यांतल्या रक्ताचा, आणि ते दाणेही त्याच नळ्यांचे. लेझरचा प्रकाश रक्त पकडतो, तापवतो आणि नळी आतून बंद पडते. वरची कातडी शाबूत राहते."

हे तिला पटलं. सरळ सांगितलेलं तिला पटायचं.

उपचार दवाखान्याच्या मदतनिधीतून होणार होता. दर सहा आठवड्यांनी एकदा, आणि प्रत्येक वेळी आधी फोटो. तीन वेळा झालं की चौथ्या वेळी फोटो शेजारी शेजारी लावून बघायचं. फरक दिसला तर निधीची समिती पुढचं मंजूर करणार, नाही तर फाईल बंद.

फरक दिसला पाहिजे, एवढं वाक्य शाईने डोक्यात घट्ट बसवलं आणि तिथेच फसली.

कोल्डमध्ये मालाचे नमुने पाठवायला जेलच्या निळ्या पिशव्या असतात, गोठवलेल्या. दवाखान्याच्या दिवशी ती पहाटेची पाळी करायची, निघताना दोन पिशव्या टॉवेलात गुंडाळायची आणि बसमध्ये ओढणीखाली गालाला धरायची. दवाखान्यात पोचली की बायकांच्या संडासात जाऊन नंबर येईपर्यंत आणखी धरायची. नाव पुकारलं की पिशवी पर्समध्ये, ओढणी नीट, आणि आत. गाल कोरडा, फिका, समंजस. चारचौघांत भडक तोंड घेऊन बसायचं नव्हतं, हे जुनं कारण. फोटो चांगला यावा, हे नवं. पहिल्या तपासणीलाही ती घरचा बर्फ धरूनच गेली होती आणि पहिला फोटोही तिने असाच काढून घेतला होता, हे तिच्या लक्षातच आलं नाही. सुरुवातच उतरलेल्या रंगाने केली तर पुढे काय उतरणार?

लेझरची खोली बोळाच्या टोकाला होती. दारावर लाल दिवा, खिडक्यांना काळा कागद. मशीन फ्रिजएवढं, त्यातून निघालेली जाड नळी आणि टोकाला पेनासारखी दांडी. ते चालवायला एक सिस्टर होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची. पेशंटच्या डोळ्यांवर बंद चष्मा चढवताना ती दर वेळी तेच म्हणायची, "बघण्यासारखं काही नाही, माझं तोंड आहे नुसतं." मग काम सुरू. आधी फुस्स करून गार फवारा, लगेच टक. ताणलेलं रबरबँड सोडल्यासारखा फटका, मिटल्या डोळ्यांआडसुद्धा पिवळा झळाका, आणि जळक्या केसांचा वास. फुस्स, टक. फुस्स, टक. शंभरेक वेळा.

तिसऱ्या खेपेला सिस्टरने विचारलं, "मागच्या वेळी काळंनिळं किती दिवस होतं?"

"दोन दिवस. थोडंसं."

"दोनच? लोक पंधरा दिवस तोंड दाखवत नाहीत."

"माझी कातडी जाड आहे."

"कातडी नाही, जीभ जाड आहे तुमची." सिस्टरने गालाला हात लावला. "आणि गाल बर्फासारखा. एसी बारीक करू का?"

"नको. बरं वाटतं."

सिस्टरने दांडी उचलली. फुस्स, टक.

ओठावरचे दाणे मात्र होते तिथेच होते. दात घासताना रक्त यायचं, उशीवर सकाळी डाग असायचे. अठरा आठवडे गेले. हंगामाला सहा महिन्यांपेक्षा कमी दिवस उरले.

चौथ्या खेपेच्या दिवशी पहाटे तीन नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर बसला. पंख्यांची घरघर थांबली, आणि ज्यांनी सोळा वर्षं ती ऐकलीय त्यांना शांतता कानात टोचते. मुकादम ओरडत पळत होता. मिस्त्री दुपारपर्यंत येणार नव्हता. सगळा माल हाताने पाच नंबरमध्ये हलवायचा, बाया-पुरुष सगळ्यांनी. शाईने दोन तास क्रेट वाहिले. जॅकेट काढलं, मोजे काढले, अंगावरून घामाच्या धारा. जेलच्या पिशव्यांची फ्रीझरपेटीही त्याच कॉम्प्रेसरवर होती. तिने उचलल्या तर नुसत्या पाण्याच्या, बोट रुतणाऱ्या. तरी सवयीने टॉवेलात गुंडाळून घेतल्या.

बस चुकली. दुसरीत उभं राहावं लागलं, उन्हाच्या बाजूला. दवाखान्याची लिफ्ट बंद. तीन मजले चढून ती बोळात आली तेव्हा तिचं नाव दोनदा पुकारून झालेलं. संडासातल्या आरशात बघायलाही वेळ मिळाला नाही. बघितलं असतं तर ती आत गेली नसती. गाल वांग्याच्या सालीसारखा झाला होता आणि ओठावरचे दाणे तट्ट फुगले होते.

डॉक्टरने फोटो काढला. संगणकावर चारही ओळीने लावले. पहिले तीन एकसारखे फिके. चौथा पाहून त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाढलंय," तो म्हणाला.

"काय वाढलंय?"

"डाग. तिपटीने गडद. लेझरने असं होता कामा नये." त्याचा आवाज खाली आला. "हे आपण थांबवू. समितीला मी तसं लिहितो. उपचार लागू पडत नाही."

त्याने पेन उघडलं. शाईचं डोकं फिरलं.

"वा! तीनदा भाजलंत, आणि आता म्हणता वाढलं? मशीन तुमचं, हात तुमचा, आणि लागू पडत नाही मी? माझी नोकरी चाललीय इथे! रक्त थांबवायला आले होते मी, फोटोत सुंदर दिसायला नाही!"

"बाई, आवाज..."

"आवाज असाच आहे. तोही जन्मखूण समजा!"

ओरडण्याने गाल आणखी चढला. दाराशी उभी असलेली सिस्टर तेवढा वेळ फोटोंकडे बघत नव्हती. ती शाईच्या केसांतून मानेवर उतरलेल्या घामाकडे बघत होती. पुढे आली आणि तिने शाईच्या गालाला पालथा हात लावला.

"आज तापलाय," ती म्हणाली. "दर वेळी गार असतो. बाई, आज कुठून आलात तुम्ही?"

उत्तर सोपं होतं. पण त्या उत्तराच्या मागे एकतीस वर्षं उभी होती, दारं लावून. लोकांच्या तोंडावर फाडफाड बोलणारी बाई, टकलावर लावा म्हणणारी, आणि ती चोरून बर्फ लावते? हे या दोघांना सांगायचं? ती उठली. पर्स उचलली. दोन पावलं दाराकडे गेलीही.

डॉक्टरचं पेन कागदावर टेकलं. त्या ओळीनंतर फाईल बंद होणार होती, फाईल बंद तर रक्त चालू, आणि रक्त चालू तर पट्टा बंद.

ती परत फिरली. पर्स उघडून टॉवेल काढला, टेबलावर उलगडला. दोन निळ्या पिशव्या, मऊ पडलेल्या, टॉवेल ओला.

"ह्या आज वितळल्या," ती म्हणाली. "रोज वितळत नाहीत."

मग सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत, भराभर, दुसऱ्या कुणाची तक्रार नोंदवावी तसं. दाढ, बर्फ, कोल्ड, बस, संडास. सांगून झालं तेव्हा डॉक्टरच्या हातातलं पेन तसंच होतं आणि सिस्टरने कपाळावर हात मारून घेतला होता.

"अहो बाई, लेझर रक्त शोधतो! तुम्ही नळ्या आवळून आणता, रक्त हाकलून लावता, मग तो पकडणार कुणाला? आम्ही गार करतो ती वरची कातडी, क्षणभर, भाजू नये म्हणून. तुम्ही आतपर्यंत गोठवून आणता! बरं, सगळ्यांचा डाग थंडीत फिका होतो असंही नाही, कुणाचा निळा पडतो. तुमचा नेमका फिका होणारा."

शाईला ते एका क्षणात समजलं. धाड पडणार हे आधीच कळवून ठेवायचं, घर रिकामं करायचं, आणि वर म्हणायचं की पोलिसांना काही सापडत नाही. तीन धाडी तिने अशा वाया घालवल्या होत्या.

"आणि हे आधी का नाही सांगितलं?" डॉक्टर म्हणाला. रागाने नाही.

"विचारलंत कुठे? साखर आहे का विचारलंत, ॲलर्जी विचारलीत, घरात कुणाला आहे का ते विचारलंत. दिवसभर काय करते, ते कुणी विचारलं? पेपर बघा तुमचा. 'नोकरी' लिहिलंय. नोकरी काय, तुम्हीपण करता."

डॉक्टरने पेपर पाहिला. खरोखर तेवढंच होतं. त्याने अर्धी लिहिलेली ओळ खोडली.

"आजचं करायचं?" त्याने सिस्टरला विचारलं.

"आजच करायचं. एवढा भरलेला परत कधी मिळणार? पण मशीनचा आकडा खालून सुरू करू."

आधी कानाजवळ दोन-तीन ठोके मारून दोघं थोडा वेळ त्या जागेकडे बघत बसले. मग पूर्ण गाल. रक्त गालात उतरावं म्हणून सिस्टरने टेबलाचं डोकं खाली केलं, पाय वर. फुस्स, टक. या वेळी फटका रबरबँडचा नव्हता, छडीचा होता. चौथ्या ठोक्याला शाईने टेबलाची कड धरली, विसाव्याला शिव्या दिल्या. कुणाला ते सिस्टरने विचारलं नाही. ओठावरच्या दाण्यांवर डॉक्टरने स्वतः दांडी धरली, एकेकावर दोनदा. उठली तेव्हा गालभर काळे गोल ठसे उमटले होते, पोस्टातल्या शिक्क्यांसारखे.

"हे आता खरं," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजात कामगाराला काम नीट झाल्यावर होतं तेवढंच समाधान होतं.

पुढचे बारा दिवस घरात वेगळीच तऱ्हा. गाल सुजलेला, काळा. नवरा दूध आणायला गेला आणि तोंड पाडून परत आला. "आता लोक तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघतायत. खालच्या वहिनींनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, हात उचलताना लाज वाटली नाही?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, लेझरने झालंय. तर म्हणतात, लेझरने मारतोस?"

शाई हसली. ओठ धरून, जपून. त्या दिवशी तिने त्याला बर्फाचंही सांगितलं. तो लग्नाच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आणि मी इतकी वर्षं फोटोवाल्याला हुशार समजत होतो."

डॉक्टरने समितीला जसं घडलं तसं लिहिलं. तीन खेपा वाया गेल्या, चूक दोन्ही बाजूंची, आणखी चार मिळाव्यात. समितीने दोन दिल्या. समित्या मागितलेल्याचं निम्मंच देतात, त्यात नवल नाही.

पण अट होती. लेझरच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी कोल्डमध्ये जायचं नाही. म्हणजे मुकादमाला सांगायला हवं. त्याला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं, कारण मुकादमाचं केबिन हॉलच्या मधोमध होतं आणि त्याला छत नव्हतं.

"दोन-दोन दिवस मला बाहेर धक्क्यावर टाका, ट्रक भरायला," ती म्हणाली.

"धक्क्यावर बायका नाहीत."

"आता एक आहे."

"कारण?"

तिने कारण सांगितलं. हॉलमधले हात हळू झाले. सगळं ऐकून झाल्यावर मावशी पट्ट्यावरून ओरडली, "म्हणजे तू सोळा वर्षं गाल गार ठेवायला येतेयस इथे? आणि आम्ही वेडे पगारासाठी!"

हॉल हसला. शाई लाल झाली, दोन्ही गालांनी. मुकादमाने वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर..."

"तुम्हीपण तेच म्हणा!"

पाचवी खेप झाली, सहावी झाली. दोन्ही वेळा ती धक्क्यावरून उन्हातून गेली, घामेजलेली, भडक तोंडाने, आणि रांगेत सगळ्यांच्या समोर बसली. लोकांनी बघितलं. एका माणसाने बटाट्याची चकती सुचवली.

सहावीनंतर तीन आठवड्यांनी ओठावरचे दाणे सुकून खपल्या पडल्या. दोन परत आले नाहीत, एक आला पण टाचणीएवढा. उशीवर डाग पडणं बंद झालं. दात घासताना ती रोज थुंकी बघायची, आणि एके दिवशी बघायची विसरली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी तपासनीस आला. शाई पट्ट्यावर होती. तो तिच्यासमोर थांबला, हातातल्या कागदाकडे बघितलं, मग तिच्या ओठाकडे. वाकून बघितलं. तिने सफरचंदं वेगळी करणं थांबवलं नाही. एक नंबर, रस, एक नंबर, दोन नंबर. तो कागदावर टिंब करून पुढे गेला. पट्टा चालू राहिला.

रंगाचं विचाराल, तर नाकाजवळ तो विरलाय, ठिकठिकाणी साधी कातडी दिसते. गालाच्या मधोमध आहे तसाच आहे. पुढे आणखी कमी होईल किंवा काही वर्षांनी परत चढेल, डॉक्टर छातीठोक सांगत नाही. शाईला घाई नाही. फोटो काढायचा झाला तर ती अजूनही जेलची पिशवी लावते. एकतीस वर्षांची सवय, सहा खेपांत कुठे जाते?

तेव्हा एवढं करा. दवाखान्यातल्या खुर्चीत बसलात की, कुणी विचारो न विचारो, दिवसभर कशात हात घालता, घरून निघाल्यापासून काय केलंत आणि आत यायच्या आधी काय झाकलंत, ते सगळं सांगून टाका, लाज वाटली तरी सांगा. आणि तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसत असाल, तर पेन उघडण्याआधी ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कृपा करून गप्प बसा.